किराण्याची हाताने लिहिलेली यादी : तुमच्या घरी अजून लिहितात का?

पांदण (आर्णी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

विषय साधा आहे, पण त्यावर सविस्तर बोलावे असे बरेच दिवस मनात होते. किराण्याची यादी कागदावर हाताने लिहिण्याची पद्धत आमच्या घरी अजून चालू आहे, आणि ती निव्वळ सवयीने चालू नसून तिचा घराला खरोखर उपयोग होतो, असे माझे ठाम मत आहे.

आमचा भाग कोरडवाहू, कपाशी-तुरीचा. पगारदार घरासारखा ठरल्या तारखेला पैसा येथे येत नाही. सोयाबीन दसऱ्याच्या मागेपुढे थोडे देते, कापूस दिवाळीपासून पुढे देतो, तूर पौष-माघात हाती येते, आणि मधले सगळे महिने त्या पैशावर किंवा दुकानदाराच्या वहीवर काढावे लागतात. खताचा भाव घरातल्या बाईच्या हाती नाही, फवारणीचा खर्च नाही, कापसाचा दर तर कोणाच्याच हाती नाही. या महिन्यात तेल चार किलो आणायचे की तीन, फल्लीदाणे किलोभर घ्यायचे की अर्ध्या किलोवर भागवायचे, हे मात्र तिच्या हातात असते, आणि ते ठरते स्वयंपाकघरात, डबे उघडून पाहताना. दुकानाच्या फळीसमोर उभे राहिल्यावर ठरवायला गेले तर समोर दिसते ते घेतले जाते आणि जिरे राहून जाते.

माझी सासू यादी लिहिताना आधी सगळे लिहून घेते आणि मग बेरीज मनात धरून एकेक वस्तू कमी करते. खोडलेली ओळ कागदावर तशीच दिसत राहते. पुढच्या महिन्यात हात थोडा मोकळा झाला की आधी ती खोडलेली वस्तू आणली जाते. मोबाईलवर लिहिलेले पुसले की गेलेच. काय पुसले, याची खूणही मागे उरत नाही. मला कागदाचे सगळ्यात मोठे मोल येथे वाटते.

तुमच्याकडे कोण लिहिते, कशावर लिहिते, आणि त्या कागदाचे पुढे काय होते, हे जाणून घ्यायला आवडेल.

तागडी (दारव्हा)

पांदणताई, मी फळीच्या अलीकडचा माणूस. आमचे दुकान वडिलांपासूनचे आहे, तेव्हा दुकानदाराच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

खेड्यावरून तालुक्याला येणारे गिऱ्हाईक एकाच कामासाठी येत नाही. सकाळच्या एसटीने उतरायचे, तहसीलमध्ये सातबारा काढायचा, बँकेत जायचे, कृषी केंद्रातून औषध घ्यायचे, एखाद्याला दवाखान्यात दाखवायचे आणि परतीच्या गाडीच्या आत किराणाही घ्यायचा, असा त्याचा दिवस असतो. तो सकाळी आमच्याकडे चिठ्ठी टाकून जातो. आम्ही चिठ्ठीप्रमाणे सामान काढून, बांधून, पिशवीला त्याच्या गावाचे नाव लावून ठेवतो, आणि संध्याकाळी तो हिशेब करून उचलतो. चिठ्ठी नसती तर त्याला तास-दीड तास दुकानात उभे राहावे लागले असते आणि बाजाराच्या दिवशी आमच्या फळीवर मुंगीला जागा उरली नसती. लिहिलेल्या यादीने त्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो, याचा विचार शहरातले लोक सहसा करत नाहीत.

दुसरी गोष्ट हिशेबाची. आम्ही त्याच कागदावर प्रत्येक वस्तूसमोर भाव लिहितो, खाली बेरीज मांडतो, आणि उधारीचे असेल तर वहीत चढवून चिठ्ठी गिऱ्हाइकाला परत देतो. घरी गेल्यावर ती बाई एकेक पुडी काढून चिठ्ठीशी मिळवून पाहते. काही राहिले असेल तर पुढच्या खेपेला तीच चिठ्ठी घेऊन येते, आणि मग वाद होत नाही, कारण मागणी तिच्या हातची आणि भाव आमच्या हातचा, दोन्ही एकाच कागदावर असतात. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात, म्हणजे सारा कापूस सरकारच विकत घेई तेव्हा, शेतकऱ्याला चुकारा (कापसाचे पैसे) हप्त्याहप्त्याने मिळत असे आणि तोवर सारा किराणा उधारीवर जाई. वडील सांगतात की त्या वेळी गिऱ्हाईक या चिठ्ठ्या तारेत ओवून वर्षभर जपायचे आणि हिशेबाच्या दिवशी ती तार घेऊनच दुकानात यायचे.

आता चिठ्ठी कशी लिहावी, याबद्दल आमचे म्हणणे. वस्तूपुढे माप अवश्य लिहावे, आणि तेलाच्या बाबतीत किलो की लिटर हे स्पष्ट लिहावे. एक लिटर खाद्यतेलाचे वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे किलोच्या मानाने जवळजवळ ९० ग्रॅम कमी. घरात किलोने वापर धरलेला असतो आणि हातात लिटरची थैली येते. मग महिन्याच्या शेवटी तेल कसे संपले, हे कळत नाही. सुटे हवे की पाकीट, तेही लिहावे. उजवीकडे भावासाठी जागा सोडावी. आणि साबण, अगरबत्ती, धुण्याची पूड या वस्तू शेवटी एकत्र लिहाव्यात, म्हणजे आम्ही त्या वेगळ्या पिशवीत बांधतो आणि चहापत्तीला साबणाचा वास लागत नाही.

रिंगरोड

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला, आता पुण्याला असतो. सर्वांच्या भावनांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. आम्ही दोघे नवरा-बायको मोबाईलवर एकच यादी ठेवतो. तिने कामावरून वस्तू जोडली की मला लगेच दिसते, मी घेतली की तिच्याकडे खूण उमटते. कागद हरवतो, भिजतो, घरी विसरतो. गावी आईलाही मी हेच शिकवले आहे आणि ती आता बोलून निरोप पाठवते. कागदाबद्दलची ओढ मला समजते, पण उपयोगाच्या दृष्टीने त्यात काही जास्तीचे आहे, असे मला वाटत नाही.

पांदण

रिंगरोड भाऊ, दोघेही कामावर जाणाऱ्यांना तुमची पद्धत सोयीचीच आहे आणि तिला माझा विरोध नाही. फक्त एक सांगते. बोलून पाठवलेल्या निरोपात आधी सांगितलेल्या सात वस्तू आणि नंतर आठवलेली आठवी एका नजरेत समोर येत नाहीत. दुकानदाराच्या पोराला तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. आमच्या गावात आता बऱ्याच जणी यादी कागदावर लिहितात आणि तिचा फोटो दुकानदाराला पाठवतात. मला ती वाट चांगली वाटते, कारण विचार कागदावर होतो आणि फेरी मोबाईलमुळे वाचते.

तागडी

फोटो आम्हालाही चालतो. फक्त उजेडात काढावा आणि कागदाची घडी सरळ करून काढावा, एवढी विनंती.

काळी फळी (जिल्हा परिषद शाळा, वर्धा जिल्हा)

शिक्षक म्हणून मला या धाग्यात फार रस आहे.

तिसरी-चौथीच्या मुलांना मी घरची किराण्याची यादी आईजवळ बसून लिहून आणायला सांगतो. त्या एका कागदात जेवढे गणित आणि जेवढी भाषा असते, तेवढी पाठ्यपुस्तकाच्या चार पानांत सापडणार नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आमच्या मुलांना कानाने ठाऊक असतात. पण २५० ग्रॅम म्हणजेच पाव किलो आणि असे चार पाव मिळून किलो होतो, हे वजन आणि शब्द शेजारी लिहिल्यावर पक्के होते. मोहरी, ज्येष्ठमध, वेलदोडे हे जोडाक्षरांचे आणि मात्रांचे शब्द मूल आपणहून लिहून पाहते, कारण चुकीचे लिहिले तर दुकानदाराला कळणार नाही, हे त्याला समजते. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत संख्याज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी यादीइतके स्वस्त आणि जिवंत साधन माझ्या पाहण्यात नाही.

गावातील एका आजोबांकडे मला जुन्या याद्या पाहायला मिळाल्या. त्यांत उभ्या दंडांनी अपूर्णांक लिहिलेले होते : १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, आणि १॥। म्हणजे पावणेदोन. मुलांना हे दाखवले तेव्हा एका मुलीने विचारले की पुढचा दंड पडला तर पूर्ण दोन का होतात. चार पावांचा एक हा नियम तिने स्वतः शोधून काढला आणि फळ्यावर येऊन मांडून दाखवला.

हाताने लिहिल्यास जास्त लक्षात राहते का, हा प्रश्न येथे निघणारच, म्हणून लिहितो. २०१४ साली म्यूलर आणि ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्याख्यानाची टिपणे हाताने घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी संगणकावर टिपणे घेणाऱ्यांपेक्षा संकल्पनांवरील प्रश्नांना बरी उत्तरे दिली, असे त्यात आढळले. नंतर तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही. शिवाय तो अभ्यास टिपणांचा होता, किराण्याचा नव्हता. म्हणून विज्ञानाने हे सिद्ध केले आहे, असे मी म्हणणार नाही. हाताने लिहिणे सावकाश होते आणि त्या सावकाशीत माणूस विचार करतो, एवढे वर्गातल्या अनुभवावरून सांगतो.

अंबाडी (दर्यापूर भाग)

सर, आपण मुलांचे लिहिले, मी माझ्या आईचे लिहिते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर आमच्या गावात काही काळ रात्रीचा वर्ग भरत असे. आई तेथे अक्षरे शिकली. सही करता यावी, एवढीच अपेक्षा घरातल्यांनी तिच्याकडून ठेवली होती. पण सहीची गरज वर्षातून एखाद्या वेळी पडते आणि किराणा दर महिन्याला लागतो, त्यामुळे तिचे वाचन-लेखन टिकले ते याद्यांमुळे. त्याआधी बाबा बाजारात जाताना ती तोंडी सांगायची, बाबा अर्धे विसरायचे, आणि नसलेल्या वस्तूंवरून बोलणी मात्र तिलाच खावी लागायची.

आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती मोकळेपणाने सांगणे मला गरजेचे वाटते. आमच्याकडे अजूनही बहुतेक घरांत दुकानात पुरुष जातो. बाईला मासिक पाळीची पॅड हवी असली तर सासऱ्यांना किंवा दिराला तोंडाने सांगणे तिला जड जाते. कागदाच्या तळाशी तो शब्द लिहून घडी घातली की तिला काही बोलावे लागत नाही आणि वस्तू घरी येते. मी नवी सून असताना जे मागण्याचे धाडस तोंडाने झाले नसते, ते लेखणीने झाले. बाळंतपणानंतर डिंक, खारीक, खोबरे, मेथ्या, अळीव हे सगळे मी माझ्या हाताने लिहिले आणि ते मुकाट्याने आणले गेले. यादी कोणाच्या हातची आहे यावरून त्या घरात कोणाच्या गरजेला जागा आहे, हे ओळखता येते, असे मी अनुभवाने म्हणते.

जुनी पाने

अंबाडीताई, आपला प्रतिसाद वाचून थांबलो होतो. त्याला जोडून थोडा इतिहास सांगतो, कारण तो याच विषयाचा आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात विंडोलँडा नावाचा रोमन लष्करी तळ होता. तेथील चिखलात लाकडाच्या पातळ पत्र्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडला असून तो इसवी सन १०० च्या आसपासचा आहे. त्यांत एक बाजाराची यादी आहे : भरडलेला घेवडावर्गीय दाणा, वीस कोंबड्या, शंभर सफरचंदे, चांगली मिळाली तर, आणि शंभर किंवा दोनशे अंडी, रास्त भावात मिळत असतील तर. कंसात घालावी तशी ती दोन वाक्ये मला फार मोलाची वाटतात. आमच्या घरच्या यादीतही ‘वांगी, कोवळी असली तरच’ आणि ‘खोबरे, भाव उतरला असेल तर अर्धा किलो’ असे लिहिलेले असते. लिहिणारा बाजारात नसतो, पण जाणाऱ्याला निवडीचा अधिकार किती द्यायचा हे तो कागदावर ठरवून देतो.

दुसरे उदाहरण मायकेलअँजेलोचे. १५१८ साली एका पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने जेवणाच्या जिनसा लिहिल्या आणि प्रत्येकीशेजारी तिचे चित्र काढले : पाव, मासा, मद्याचे भांडे. तो कागद फ्लॉरेन्समध्ये जपून ठेवला आहे. सामान आणणाऱ्या नोकराला वाचता येत नसावे म्हणून चित्रे काढली, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. लिहिता न येणाऱ्या आमच्या आजीही चुलीच्या कोळशाने भिंतीवर खुणा करून संपलेल्या जिनसा ध्यानात ठेवत असत. पाठकोरा कागद तर आपल्याकडेही यादीचाच असतो : दिनदर्शिकेचे उलटलेले पान, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, पोराच्या जुन्या वहीची उरलेली पाने.

वैनगंगा (साकोली)

आमच्या भागात धान पिकते, तरी यादीत तांदूळ असतो, कारण घरचा धान बराचसा विकला जातो आणि पाहुण्यांसाठी वेगळा तांदूळ लागतो. आमच्या याद्यांत नुसते ‘तांदूळ’ असे कोणी लिहीत नाही, एच.एम.टी., जय श्रीराम, चिन्नोर असे वाणाचे नाव लिहितात. एच.एम.टी. हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या शेतात वेगळी दिसलेली लोंबी निवडून, ती पुन्हा पुन्हा पेरून तयार केले, आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला नाव पडले. हा थोर शेतकरी २०१८ साली गेला. किराण्याच्या यादीत त्याचे वाण अजून दर महिन्याला लिहिले जाते, याचा मला अभिमान वाटतो.

तसेच वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट-हळद करण्याची यादी निघते तेव्हा गावाचे नाव घातल्याशिवाय सासूबाईंचे समाधान होत नाही. नाव लिहिले की दुकानदाराला भलतीच मिरची गळ्यात मारता येत नाही.

तागडी

वैनगंगाताईंचे म्हणणे योग्य आहे. गाव किंवा वाण लिहिलेले असेल तर आम्हीही तेच शोधून देतो, आणि नसेल तर तसे सांगतो. जुन्या मापांवरून आठवले : ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. मेट्रिक वजने येऊन इतकी वर्षे झाली तरी वडीलधारी माणसे चिठ्ठीत पावशेरच लिहितात. आम्ही त्यांना २५० ग्रॅमच तोलून देतो.

मोहफूल (गडचिरोली जिल्हा)

आमच्याकडे वर्षातली सर्वांत महत्त्वाची यादी मृगाच्या आधीची असते. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी वाहते आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. तो कधी सुरू होईल, हे पाऊस ठरवतो. त्यामुळे मीठ, तेल, दाळ, गूळ, काडीपेटी, मेणबत्ती, टॉर्चचे सेल आणि तापाच्या गोळ्या पावसाआधीच भरून ठेवाव्या लागतात. मी आरोग्याच्या कामासाठी या गावांत फिरते. घरात माडिया बोलली जाते, पण आश्रमशाळेत शिकलेली मुलगी मराठीत यादी लिहिते आणि घरातली मोठी माणसे भोवती बसून तिला एकेक वस्तू सांगतात. गेल्या पावसाळ्यात काय कमी पडले, हे त्या वेळी बोलले जाते. कोणाच्या घरी मीठ संपले होते, कोणाला सर्दी-तापात गोळी मिळाली नव्हती, ते सगळे त्या कागदावर येते. मागच्या वर्षीची यादी जपली असेल तर काम सोपे होते, म्हणून मी प्रत्येक घरी ती मिठाच्या डब्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवायला सांगते. तेथे नेट मिळत नाही आणि वीज जाते, म्हणून मोबाईलवर लिहून ठेवा, असे मी कोणाला सांगू शकत नाही.

रिंगरोड

मोहफूलताई, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. आपण लिहिलेत, बरे झाले.

नवी वही (अचलपूर)

सर्व जाणकारांना एक प्रश्न. यंदा आमच्याकडे महालक्ष्म्या पहिल्यांदा माझ्या हातून बसणार आहेत. सासूबाई आता नाहीत. त्यांच्या हातची जुनी यादी सापडली आहे, पण शाई पुसट झाली आहे आणि काही ठिकाणी तेलाचा डाग आहे. किती माणसांचा स्वयंपाक धरून ती लिहिली होती, हे त्यात नाही. कसे करावे?

पांदण

नवी वहीताई, प्रथम तो कागद उन्हात न धरता खिडकीच्या उजेडात धरून वाचा आणि वाचता येईल तेवढे जशाच्या तसे वहीत उतरवून घ्या, खोडलेल्या ओळींसह. मूळ कागद वहीच्या पानांत सपाट ठेवा. माणसांचा आकडा काढायला चणा दाळ आणि गूळ यांची मापे पाहा, कारण पुरण पानांच्या हिशेबाने होते. शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईला ती मापे दाखवली तर ती अंदाज सांगेल. यादीचे तीन भाग करा : आवाहनाच्या आधी लागणारे पूजेचे आणि फुलोऱ्याचे सामान, पूजनाच्या दिवशीच्या पुरणाचे आणि आंबिलीच्या ज्वारीचे सामान, आणि सोळा भाज्या. भाज्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, कारण त्या किराणा दुकानात मिळत नाहीत आणि आदल्या दिवशीच आणायच्या असतात. आणि यंदा स्वयंपाक झाला की काय उरले, काय कमी पडले, किती पाने उठली, हे त्याच रात्री समोर लिहून ठेवा.

तागडी

आणि किराण्याची चिठ्ठी आठ दिवस आधी दुकानात टाका. त्या दिवसांत गूळ आणि चणा दाळ सगळ्यांनाच लागते. आधी मिळालेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे आम्ही माल मागवतो.

नवी वही

मनापासून आभार. आज वाचायला बसले आहे. चणा दाळ ‘२॥’ इतके स्पष्ट दिसते. काळी फळी सरांच्या प्रतिसादामुळे ते अडीच किलो आहे हे कळले. गुळापुढचे माप डागाखाली गेले आहे.

अंबाडी

दाळीइतकाच गूळ धरा, अडीच किलो. गोड कमी खाणारे घर असेल तर दोन.